पिवळ्या झाकणाची ट्यूब

सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली की रक्ताचे थर झालेले असतात. खाली गडद लाल पेशी, मध्ये जेलची चकती, वर सीरम. बहुतेकांचं सीरम फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. पण आमच्या कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये अधूनमधून एखादी ट्यूब अशी येते की वरचा थर चक्क दुधासारखा पांढरा. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) करणारी नवी पोरं लगेच मोबाईल काढतात (मी फोटो घेऊ देत नाही, ट्यूबवर पेशंटचं नाव असतं) आणि हमखास विचारतात, "मॅडम, हा माणूस जिवंत कसा?"

प्रश्न बरोबर आहे, फक्त शेजारची ट्यूब बघून विचारायला हवा.

दुधाळ रंग येतो तो ट्रायग्लिसराइडमुळे, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीमुळे. ते वाहून नेणारे कण मोठे असतात, उजेड त्यांच्यावर विखुरतो. गोडधोड, दारू, आवाक्याबाहेर गेलेली शुगर, कधी काही औषधं, अशी त्याची कारणं. गटारी होऊन गेली की आमच्याकडे अशा ट्यूबा जरा जास्तच दिसतात. हजाराच्या वर आकडा गेला तर डॉक्टरांना पहिली काळजी वाटते ती स्वादुपिंडाची, कारण त्याला अचानक सूज येऊन माणूस आयसीयूत जाऊ शकतो. हृदयाच्या नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं थर चढवणारा मुख्य आरोपी मात्र एलडीएल, ज्याला 'वाईट कोलेस्ट्रॉल' म्हणतात ते. त्याचे कण इतके बारीक असतात की दुप्पट-तिप्पट झाले तरी सीरम स्वच्छच राहतं. इतकी वर्षं ट्यूबा हाताळतेय, पण एलडीएल ८० आणि एलडीएल २२० मला नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. मशीनलाच विचारावं लागतं.

दुखत नाही, दिसत नाही, आणि अंगकाठीवरूनही कळत नाही. या शेवटच्या बाबतीत सगळ्यांची गल्लत होते. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक माथाडी दादा आठवतात. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन दिवसभर ये-जा करणारा माणूस, पोट सपाट, दंडावरची नस अशी की डोळे मिटून सुई लावावी. युनियनच्या कुठल्याशा शिबिरात बीपी जरा जास्त निघालं म्हणून तपासणीला आले होते. टोटल कोलेस्ट्रॉल २९८, एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्ट्रॉल) ४४, ट्रायग्लिसराइड १२०, एलडीएल २३०. मी सॅम्पल पुन्हा लावलं. आकडा तोच. मग रक्त घेताना पाहिलेलं आठवलं: पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पिवळसर चट्टे होते, कातडीखाली साचलेल्या कोलेस्ट्रॉलचे. साताऱ्याकडे गावी थोरला भाऊ चाळिशीतच शेतात कोसळून गेला होता. घरात सगळे म्हणायचे, ऊन लागलं.

रिपोर्ट न्यायला वहिनी आल्या त्या तावातावानेच. "आम्ही काय तेलात पोहतो का हो? महिन्याला किती तेल लागतं ते दुकानदाराला विचारा." त्यांचा राग खरा होता. एलडीएल १९० च्या पुढे असेल तर दोष अनेकदा स्वयंपाकघराचा नसतो, जन्माचा असतो. रक्तातलं एलडीएल उचलून आत घ्यायला यकृताच्या पेशींवर एक प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. जनुकातल्या दोषामुळे ते कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहतं, तेही पाळण्यात असल्यापासून. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांना या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असा दोष असतो म्हणतात. म्हणजे सकाळच्या एका भरलेल्या लोकलमध्ये असे किती जण उभे असतील, हिशेब करा. आई-बापांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. डॉक्टरांनी दादांच्या दोन्ही मुलांचं रक्त मागवलं. मुलाचं ठीक निघालं, दहावीतल्या मुलीचं नाही. दादांना सांगताना माझाच आवाज लागत नव्हता. ते मात्र म्हणाले, "बरं झालं, भावासारखं उशिरा नाही कळलं."

मी डॉक्टर नाही, गोळ्या सांगत नाही. पण रिपोर्टच्या उजव्या बाजूच्या रकान्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी मानते, कारण तो छापतो आम्हीच. तिथे 'एलडीएल १०० पेक्षा कमी' असं लिहिलेलं असतं. सगळ्यांना एकच ओळ. सत्तावीस वर्षांच्या आयटीवाल्याला तीच, वाशीतल्या मधुमेही मावशींना तीच आणि स्टेंट बसवलेल्या नेरूळच्या काकांनाही तीच. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये यावर स्वतःचं मार्गदर्शन काढलं. सर्वसाधारण माणसाला १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा धोका असणाऱ्याला ७० च्या खाली, आणि ज्याला आधीच अटॅक येऊन गेलाय त्याला ५५ च्या खाली. म्हणजे ९६ हा आकडा एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला धोक्याची घंटा असू शकतो. आमचं सॉफ्टवेअर मात्र दोघांच्याही ९६ ला ठळक अक्षरात छापत नाही. आणि लोक रिपोर्टमध्ये वाचतात ते फक्त ठळक अक्षरंच.

नेरूळच्या काकांचंच घ्या. स्टेंटनंतर दर काही महिन्यांनी त्यांच्या घरी जाते. एकदा दार उघडताच खुशीत म्हणाले, "अगं, मागचा रिपोर्ट एकदम नॉर्मल! कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करून टाकली." पोटात गोळा आला माझ्या. म्हटलं, "काका, तुमच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पंप चालतो म्हणून पाणी साचत नाही. पाणी दिसत नाही म्हणून सोसायटीने पंप विकायचा का?" काका सोसायटीचे माजी सेक्रेटरी, त्यामुळे हे त्यांना बरोबर लागलं. स्टेंट एका जागची वाट मोकळी करतो, बाकीच्या नळ्या त्याच जुन्या. अटॅक अनेकदा येतो तो अर्धवट अडलेल्या जागचा मऊ थर फुटून, त्यावर रक्ताची गुठळी बसून. स्टॅटिन गोळी एलडीएल उतरवते आणि हा थर फुटण्याची शक्यताही कमी करते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात सिम्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. स्टॅटिनचा पहिला शोध लागला तो जपानच्या अकिरा एन्डो यांना, हजारो बुरश्या तपासताना, पेनिसिलियमच्याच एका जातीत. त्यांना नोबेल मिळालं नाही. लॅबमध्ये राबणाऱ्यांना हे खुपतंच.

गोळीने अंग दुखतं ही तक्रार मात्र उडवून लावू नये. काहींना खरंच स्नायूंचा त्रास होतो, तेव्हा डॉक्टर सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगतात, डोस किंवा गोळी बदलतात. स्वतःच्या मनाने सोडून लसणाच्या पाकळ्या चघळत बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' वाचून जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांनो, कोणत्याच वनस्पतीच्या तेलात सांगण्यासारखं कोलेस्ट्रॉल मुळात नसतंच.

रिपोर्ट हातात आल्यावर आणखी दोन जागी लोक फसतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर एलडीएलच्या जागी आमच्याकडे नुसती रेघ येते, कारण एलडीएल आम्ही बाकीच्या आकड्यांवरून सूत्राने काढतो आणि ते सूत्र एवढ्या आकड्याला चालत नाही. रेघ म्हणजे 'काही सापडलं नाही' असं समजून पेढे वाटणारेही भेटलेत. दुसरं, अटॅकनंतर दोन-तीन दिवसांनी घेतलेल्या रक्तात एलडीएल नेहमीपेक्षा कमी दिसतं. ते पाहून 'कोलेस्ट्रॉलचा संबंधच नव्हता' असा निष्कर्ष घरातले काढून मोकळे होतात. मग काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं की खरा आकडा समोर येतो.

उपाशीपोटीच यायचं का, हे रोज कुणीतरी विचारतं. पहिल्या साध्या तपासणीला आता उपाशी असण्याची सक्ती राहिलेली नाही. ट्रायग्लिसराइड जास्त निघालं तर पुन्हा उपाशी बोलावतात. आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्ट्रॉल वाहणारा एक कण) नावाची एक तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्या असं २०२४ च्या त्याच मार्गदर्शनात आहे. ते आनुवंशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करायची गरज सहसा पडत नाही.

आता एक माझं खास गाऱ्हाणं. घरी जाऊन रक्त घ्यायचं बुकिंग बहुतेक वेळा काकांच्या नावावर असतं. काकू चहा ठेवतात, काकांच्या दंडाला पट्टा बांधताना "हळू हं" म्हणतात, जुन्या रिपोर्टांची फाईल अचूक काढून देतात. "काकू, तुमचं कधी केलं होतं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?" पाळी गेल्यावर बायकांचं एलडीएल चढतं. त्यांच्यात अटॅक कधी छातीत कळ न येता धाप, मळमळ, पाठदुखी, कमालीचा थकवा असाही येतो, आणि घरात सगळे म्हणतात, ॲसिडिटी असेल.

सानपाड्याच्या एका काकूंना मागच्या महिन्यात मी उभ्याउभ्याच राजी केलं. नीट दहा मिनिटं बसायला लावलं, कारण धावपळीत असलेल्या माणसाचं रक्त घेतलं तर आकडे थोडे वर-खाली होतात. काकांचं एलडीएल गोळीमुळे ६८, काकूंचं १७१. लेकीने डॉक्टरांची वेळ घेतली, गोळी सुरू झाली. परवा काकूंचा फोन आला, गोळी कधी घ्यायची, सकाळी की रात्री? त्यांना दिलेली अटोर्वास्टॅटिन कुठल्याही एका ठरलेल्या वेळी चालते, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, पण काकूंना ठरवता येत नव्हतं.

"काकांना गोळी तुम्हीच देता ना?"

"हो, रोज. रात्री जेवल्यावर. विसरतात ते."

"मग त्यांची काढाल तेव्हा तुमचीही काढा."