नवऱ्यानं हात उचलला तर बंदूक जाते, पण न्यायला येतं कोण?

टेक्सासला राहतो म्हणलं की साताऱ्यातनं एक प्रश्न ठरलेलाच, "मग बंदूक घेतलीस का न्हाय?" नाही घेतली बाबांनो, एच-वन-बी व्हिसावाल्याला शिकारीचं लायसन वगैरे असल्याशिवाय इकडं बंदूक बाळगणं गुन्हाच आहे. इथल्या माणसाचं मात्र सोपं, दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या सिस्टिममध्ये नाव तपासतो आणि बऱ्याचदा लगेच बंदूक हातात. त्या फॉर्मवर एक प्रश्न असा आहे की घरगुती हिंसाचारात तुम्ही कधी दोषी ठरलाय का, गुन्हा किरकोळ का असेना. "हो" लिहिलं की बंदूक मिळत नाही.

हे आलं १९९६ च्या कायद्यानं, न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी तो आणला. आधी फक्त मोठ्या गुन्ह्यातल्या दोषींना बंदूक बंद होती आणि बायकोला मारल्याची केस पुष्कळदा तडजोडीत किरकोळ कलमावर यायची, मग बंदूक कपाटात तशीच. आता बायको, घटस्फोटित बायको, मुलाची आई, यांच्यावर हात उचलल्याबद्दल दोषी ठरला की केंद्राच्या कायद्यानं बंदूक जवळजवळ कायमची बंद, गोळ्यासुद्धा. टेक्सासचा स्वतःचा कायदा ५ वर्षंच म्हणतो, आणि मग ५ वर्षं झाली की सुटलो असं समजणारे फसतात. नुसत्या गर्लफ्रेंडला मारणारा तर २०२२ पर्यंत या कायद्यातनं निसटायचा, त्या साली तो आत आला, पण पहिल्यांदा दोषी ठरला तर ५ वर्षांनी हक्क परत.

हे मी फोनवर आमच्या तात्यांना सांगत होतो. तात्या फौजेतनं रिटायर, नंतर स्वतःच्या लायसनच्या बाराबोर बंदुकीवर बँकेत सिक्युरिटीला, अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाच्या जिल्ह्यात असं माणूस शोधायला लागत नाही. तात्यांनी एकच विचारलं, "फौजीला पण?" म्हणलं होय, फौजीला, पोलिसाला, कुणालाच सूट नाही, ड्युटीवरची बंदूकसुद्धा धरता येत नाही. "मग नोकरीच गेली की रं त्याची!" गेलीच.

पण कागद पुढं सरकला तरच. एअरफोर्समधल्या एकाला बायकोला आणि तिच्या लहान मुलाला मारल्याबद्दल २०१२ मध्ये कोर्टमार्शलमध्ये शिक्षा झाली आणि एअरफोर्सनं ती एफबीआयला कळवलीच नाही. त्यानं दुकानातनं रीतसर बंदुका घेतल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधल्याच सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये २६ जीव घेतले, त्यात एक पोटातलं बाळ धरलंय. वर खाजगी माणसाकडनं बंदूक घेतली तर केंद्राचा कायदा तपासणी मागतच नाही, हे तात्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

दुसरा कायदा १९९४ चा, दोषी ठरायच्या आधीचा, म्हणजे कोर्टानं "हिच्यापासून लांब राहा" असा आदेश दिला की तो असेपर्यंत बंदूक नाही. रहीमी नावाची केस आमच्या डॅलसशेजारच्या आर्लिंग्टनमधली. पठ्ठ्यानं पार्किंगमध्ये गर्लफ्रेंडला ओढत गाडीत घातलं, कुणीतरी बघतंय म्हणल्यावर गोळी झाडली, आणि आदेश निघाल्यावरही घरात बंदुका सापडल्या. वकील म्हणाले हा आदेशाचा कायदाच घटनाबाह्य, आणि खालच्या अपील कोर्टानं ते मानलं पण! शेवटी जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध १ नं कायदा टिकवला, विरोधात एकटे जस्टिस थॉमस.

आपल्याकडं उलटं आहे. बंदूक हक्क नाही, कलेक्टर ऑफिसचं लायसन आहे, इलेक्शन आलं की तात्यांची बाराबोर पोलिस स्टेशनला जमा, कुणाकडं काय आहे ते ठाण्याच्या रजिस्टरला असतं. हिंसेच्या गुन्ह्यात कैद झाली तर शिक्षा संपल्यावर ५ वर्षं शस्त्र कायदा बंदूक ठेवू देत नाही आणि लायसन रद्द करायचा अधिकारही साहेबाकडं आहे. पण माझ्या मते आपल्याकडची गोची अशी की बायकोची तक्रार शिक्षेपर्यंत पोचायच्या आतच दोन्हीकडची माणसं बसून मिटवतात, मग लायसनच्या फाईलला कळणार कसं? इकडं कायदा कडक पण बंदूक कुठाय ते सरकारला माहीत नाही, अनेक राज्यांत "आणून दे" म्हणून नीट पाठपुरावाही होत नाही.

आणि ज्यांच्या मुली लग्न होऊन इकडं आल्यात त्यांच्यासाठी एक गोष्ट. केंद्राची बंदी लागते ती नवऱ्याला नोटीस जाऊन सुनावणीची संधी मिळाल्यानंतरच्या आदेशाला. अर्ज केला त्या दिवशी एकतर्फी तात्पुरता आदेश मिळतो त्याला नाही, म्हणजे तो चिडलेला असतो नेमके तेच दिवस मोकळे. म्हणून घरात बंदूक असेल तर ते अर्जातच लिहायचं, कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात ते सुद्धा, आणि सुनावणी होईपर्यंत त्या घरात राहायचं नाही.