गडद तपकिरी अवक्षेप आणि कलंडलेली मरळ

प्राणवायू-वापराचं प्रॅक्टिकल आम्ही टिलापियावर घेतो. त्या दिवशी मासे देणाऱ्या भोयाकडे टिलापिया नव्हता, म्हणून परिचर तीस-तीस ग्रॅमची मरळ घेऊन आला. मॅन्युअलमध्ये ‘गोड्या पाण्यातील कोणताही मासा’ असं छापलेलं आहे, आणि मीही ते वाक्य तोवर निमूटपणे शिकवत होतो.

मांडणी साधी. तीन गट, प्रत्येकाला तीन लिटरची बरणी आणि एक मासा, वर लिक्विड पॅराफिनचा थर, म्हणजे हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत नाही. सुरुवातीचा नमुना, एका तासाने शेवटचा नमुना. दोन्हींतला फरक गुणिले पाणी, भागिले माशाचं वजन.

चाळीस मिनिटं होतात तोच एक मुलगी म्हणाली, “सर, आमचा मासा कलंडलाय.” आधीची वीसेक मिनिटं तिन्ही बरण्यांतल्या मरळी तोंडाने पॅराफिनच्या थराला धडका देत होत्या. मी समजलो, बरणीतला प्राणवायू संपला. तासाची वाट न पाहता लगेच नमुना घ्यायला सांगितलं.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची पद्धत म्हणजे विंकलर. या बॅचकडून ती मी मुद्दाम घासून घेतली होती. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, 300 मि.ली.ची बाटली भरल्यावरही तिच्या दुप्पट पाणी वरून वाहू द्यायचं. एक बुडबुडा राहिला तरी प्राणवायू जास्त दिसतो. मँगनीज सल्फेट 2 मि.ली., अल्कली आयोडाइड 2 मि.ली., पिपेटचं टोक पाण्याखाली. स्टॉपर लावून उलटसुलट करायचं. अवक्षेप पांढरा राहिला तर प्राणवायू नाही, जितका तपकिरी तितका जास्त.

बाटलीत गडद तपकिरी अवक्षेप उतरला. सुरुवातीच्या बाटलीशेजारी ठेवली तर दोन्हींत फरक सांगणं अवघड. आणि ज्या पाण्यातून तो नमुना आला, त्यात मासा आडवा पडला होता.

अवक्षेप अर्ध्यावर बसल्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल 2 मि.ली., मग 200 मि.ली. नमुन्याचं 0.025 नॉर्मल हायपोने (सोडियम थायोसल्फेट) टायट्रेशन, म्हणजे रंग जाईपर्यंत हायपो थेंबाथेंबाने सोडायचा. हे प्रमाण धरलं की हायपोचा प्रत्येक मि.ली. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू, गणित उरतच नाही. स्टार्च रंग फिकट गवती झाल्यावरच घालायचा. आधी घातला तर आयोडीन त्यात अडकून बसतं आणि अंत्यबिंदू लांबतो. हायपो आदल्या दिवशी डायक्रोमेटशी पडताळलेला होता. सुरुवातीला 7.2, आता 6.8. चाळीस मिनिटांचा हिशोब तासावर आणला की ग्रॅममागे 0.06 मिलिग्रॅम. तेवढ्याच टिलापियाचं रीडिंग आमच्याकडे 0.25 च्या आसपास येतं. दुसऱ्या दोन गटांचे टायट्रेशनचे आकडेही 0.1 च्या फरकात होते. रसायनशास्त्र निर्दोष होतं.

मरळ हवा घेणारा मासा. डोक्यात कल्ल्यांच्या वर तिची एक पोकळी असते, रक्तवाहिन्यांनी भरलेली. पृष्ठभागावर येऊन ती तिथे हवा भरते, आणि मोठी झाली की त्यावाचून तिचं भागत नाही. एकटे कल्ले पुरत नाहीत. 28 अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, लिटरभर हवेत त्याच्या तीसपटीहून जास्त असतो. आम्ही तिला हवेपासून तोडलं होतं, शिवाय तिने घोटाघोटाने पॅराफिन ओढलं असणार.

तिघींना बाहेर काढून उथळ पाण्यात तोंडं वर येतील असं धरलं. दोन सावरल्या, एक गेली.

2014 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) विच्छेदन बंद केलं ते बरंच झालं. पण त्यानंतर ‘प्राण्याला इजा नाही’ म्हणून जी प्रॅक्टिकलं आली, त्यांत कोणता प्राणी कुठल्या उपकरणात बसतो हे कुणी तपासलेलं दिसत नाही. मॅन्युअल एका कॉलेजातून दुसऱ्यात झेरॉक्स होत जातं, आणि बाहेरचे परीक्षक फक्त आकडा बघतात. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1929 मध्येच लिहून ठेवलं होतं की बऱ्याच प्रश्नांसाठी अभ्यासाला सर्वांत सोयीचा असा एखादा प्राणी असतो. आम्ही ते पेपरात पाच गुणांना विचारतो. भोयाला मात्र नुसतं सांगितलं तर म्हणाला, “अहो सर, मरळीला वर यावंच लागतं. जाळं पुरतं बुडालं तर तीही बुडून मरते.”

पुढच्या बॅचला पॅराफिन काढलं आणि पाण्यावर पाच सेंटिमीटर हवा ठेवली. हवेतून पाण्यात उतरणारा प्राणवायू वजा करायला शेजारी माशाविना तशीच बरणी. यात फक्त पाण्यातून घेतलेला हिस्सा कळतो. हवेतला मोजायला बंद झाकण आणि कर्बवायू शोषायला पोटॅश लावलेला मॅनोमीटर (वायूचा दाब मोजायचं उपकरण) हवा, तो अजून जुळवतोय. तोवर मुलं घड्याळ लावून मरळ किती वेळा वर येते ते मोजतात.

आधीच्या बॅचच्या मुलाने जर्नल पुढे करून विचारलं, “सर, 0.06 खोडू का?” त्याचं टायट्रेशन वर्गात सर्वांत नेटकं होतं. खोडू दिलं नाही. आकड्यापुढे ‘मरळ, पृष्ठभाग बंद’ असं लिहायला लावलं आणि सही केली.