शनिवारी सातनंतर मिक्सर बंद

आमच्या भटारखान्याच्या दारावर एक पाटी आहे : शनिवारी ७ नंतर मिक्सर बंद. नवा पोऱ्या कामाला लागला की त्याला आधी ही पाटी दाखवतो, मग मीठ-मसाल्याचे डबे. शनिवारचं सगळं वाटण दुपारी चारच्या आत झालंच पाहिजे. बांगड्याच्या तिखल्याचं वेगळं, कोंबडीचं वेगळं, सोलकढीचा नारळ वेगळा. कारण सातला बाहेरच्या कोपऱ्यात सत्तरीतला एक माणूस गिटार लावायला बसतो, आणि त्याला एका कानाने आधीच कमी ऐकू येतं.

धोबीतलावहून चिराबाजारकडे जाताना आतल्या गल्लीत आमचं हॉटेल आहे. बेचाळीस खुर्च्या, परमिट रूम नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७१ साली ही जागा पगडीने घेतली. त्याआधी मालवणहून येऊन ते दुसऱ्याच्या खानावळीत वाढपी होते. गिऱ्हाईक म्हणजे कोर्टातले कारकून, जीटी आणि कामा हॉस्पिटलात पेशंटबरोबर आलेले नातेवाईक, आणि आजूबाजूच्या कुडांत राहणारे गोवेकर. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहायची जागा. बोटीवर जाणारे तिथे उतरत, तसे वाजवणारेही. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट, रात्री मोठ्या हॉटेलांतल्या बँडमध्ये. जवळच फुर्तादोंचं वाद्यांचं जुनं दुकान. त्यामुळे आमच्या हॉटेलात टेबलाला टेकवून ठेवलेली वाद्याची पेटी मला लहानपणापासून छत्रीसारखीच वाटायची.

आणि पाच-सात मिनिटांवर रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं, उघड्यावरचं थिएटर. १९७८ साली पहिला जॅझ यात्रा महोत्सव तिथे झाला, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. आठवतं ते पुढचं. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव सुरू झाला आणि मी चौदाव्या वर्षी गल्ल्यावर बसायला लागलो. शो सुटला की काळे टी-शर्ट घातलेली पोरं यायची. घामाने चिंब, घसे बसलेले, खिशात लोकलच्या पासाशिवाय फारसं काही नाही. पाच जणांत दोन राईस प्लेट. वेटर कुरकुरायचा, कारण टेबल अडायचं. अण्णा गल्ल्यावरून सांगायचे, "भात वाढ रे तेंका. आरडान इलेत." जादा भाताचे पैसे त्यांनी त्या पोरांकडून कधी घेतले नाहीत. आज शनिवारी जी माणसं कुटुंब घेऊन येतात, त्यांतली निम्मी त्या भाताची आहेत.

मी स्वतः रंगभवनात रॉक मशीन ऐकलं. १९८४ साली सुरू झालेला हा मुंबईचा बँड, इंग्रजीत गाणारा, आणि गाणी स्वतःची. १९८८ ला त्यांचा पहिला अल्बम आला. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. गिटारवर महेश तिनईकर. आमच्याकडल्या आडनावाचा माणूस असं वाजवतो, हे ऐकून मी आणि माझा मावसभाऊ दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हतो. रॉक हे बाहेरच्यांचं, असं अण्णांच्या पिढीला वाटायचं. मला ते तेव्हापासून कधीच वाटलं नाही. नंदू भेंडेंचं उदाहरण तर माझ्याही आधीचं. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा सत्तरच्या दशकात वेल्वेट फॉग आणि ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडमध्ये गायचा. १९७४ साली ॲलेक पदमसींच्या इंग्रजी रॉक संगीतिकेत त्याने ज्यूडास केला, आणि नंतर पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश. एकच गळा, दोन्हीकडे तेवढाच पोचणारा.

मग रंगभवन गप्प झालं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, दुसऱ्या अंगाला हॉस्पिटल. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पेशंटचे नातेवाईक आमच्याच टेबलांवर डोळे मिटून बसलेले मी पाहिलेत. पण त्या जागेच्या बदल्यात या वस्तीला दुसरी जागा कुणी दिली नाही, हे मला आजही लागतं. पोरं पांगली. कुणी जाहिरातीच्या जिंगल वाजवू लागला, कुणी बँकेत चिकटला, कुणी आखाताला गेला. २००८ मध्ये अण्णा गेले. २०१६ च्या सुरुवातीला काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकानही बंद झालं. तिथल्या छोट्या खोपटांत उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची, विकत घेतलीच पाहिजे अशी सक्ती नसायची.

शनिवारचं गाणं-वाजवणं सुरू झालं त्याला निमित्त नंदू भेंडेंच्या जाण्याचं. एप्रिल २०१४. ती बातमी आली त्या आठवड्यात आमचं एक जुनं गिऱ्हाईक, एके काळी कमरेपर्यंत केस असलेलं आणि आता पूर्ण टक्कल पडलेलं, गिटार घेऊन आलं. "जेवण नको, थोडा वेळ बसू दे," म्हणाले. मी त्यांना काका म्हणतो, म्हणून इथेही काकाच लिहितो. काकांनी चार गाणी म्हटली. तिसऱ्या गाण्याला कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक अंकल उठले, आतून रिकामा तेलाचा डबा मागून आणला आणि बोटांनी ठेका धरला. ते ड्रमर होते. आमच्याकडे पंधरा वर्षं सुरमई खात होते, आम्हाला पत्ता नव्हता.

पुढच्या शनिवारी सहा जण आले. त्यानंतर मी आणि बायकोने बसून नीट विचार केला, कारण हौसेने हॉटेल चालत नाही. शनिवारची रात्र हीच तर कमाईची. एक टेबल संध्याकाळी तीनदा फिरलं तर पगार निघतात, आणि गाणं ऐकणारा माणूस टेबल सोडत नाही. शेवटी बिलात संगीताची वेगळी ओळ घातली, माणशी दोनशे, आणि ते सगळे वाजवणाऱ्यांचे असं ठरवलं. आपण जेवणावर कमवायचं. बायकोने आणखी एक नियम घातला, तो मला सुचला नसता : पाकीट वाजवायच्या आधी द्यायचं, आणि जेवणही आधी. उतारवयातल्या माणसाला रात्री अकराला, सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर, उरलेल्या कालवणाशी बसवायचं नाही. गाणाऱ्यांना सहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि सुका बांगडा. घशाला पेजेसारखं काही नाही, आणि पोटही जड होत नाही.

परवान्यांचं थोडक्यात सांगतो, कारण असं काही सुरू करू पाहणारे फोन करून विचारतात. खाण्याचे परवाने आपल्याकडे असतातच. दुसऱ्याची गाणी प्रत्यक्ष वाजवायची तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना लागतो, रेकॉर्ड लावायची तर रेकॉर्ड कंपन्यांच्या पीपीएलचा. पोलिसांची परवानगी वेगळी. आवाजाची मर्यादा व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५, आणि रात्र दहाला सुरू होते. आम्ही पावणेदहाला थांबतो. पूर्ण ड्रमसेट कधीच नाही. अंकल आता लाकडी पेटीवर बसून तीच हातांनी वाजवतात, कधी ब्रश घेतात. त्यांच्या मनगटालाही ते सोसतं.

तांत्रिक भाग आम्ही चुका करत शिकलो. पहिले दोन महिने ॲम्प्लिफायरमधून सतत गुं-गुं यायचं. काका वायर बदलत राहिले, मी त्यांच्या गिटारलाच दोष देत होतो. मग आमच्या इलेक्ट्रिशियनने दाखवलं, की मासळीचा डीप फ्रीझर आणि कोपऱ्यातला प्लग एकाच लाइनवर आहेत, वर अर्थिंग धड नाही. वेगळी लाइन ओढली, गुणगुण गेली. वेटरांना शिकवलं की ताटं दोन गाण्यांच्या मधे न्यायची. गाणं चालू असताना पाणी घातलं तरी चालेल, पण ऑर्डर मोठ्याने सांगायची नाही, बोटांनी दाखवायची. आमचा सगळ्यांत जुना वेटर, कणकवलीचा, आता गाण्याचा शेवट बरोबर ओळखतो. शेवटच्या कडव्याला तो हातात ताटं घेऊन भटारखान्याच्या दारात उभा असतो.

वयाचं मी जवळून पाहतो. पूर्वी ज्या सुरात गायचे तो आता गाठता येत नाही, म्हणून काका सगळ्या तारा पूर्ण एका सुराने उतरवून लावतात. तार सैल झाली की संधिवाताच्या बोटांनाही दाबायला सोपी. गाणं थोडं जड, खर्जात येतं. मला ते जुन्यापेक्षा जास्त आवडतं, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. विशीत माणूस विरहाचं गाणं ओरडून म्हणतो. सत्तरीत तो ते बोलल्यासारखं म्हणतो, आणि समोरचे जेवता जेवता थांबतात.

एक गोष्ट लिहायलाच हवी. पहिल्याच वर्षी एका कुटुंबाने लग्नाच्या वाढदिवसाला पंचवीस खुर्च्या घेतल्या. आमचे बास वाजवणारे अंकल त्या दिवशी स्वतः रचलेलं गाणं म्हणत होते, चाळीस वर्षांत बाहेर कुणी न ऐकलेलं. टेबलावरून आरडाओरडा सुरू झाला, हिंदी लाव, नाचायचंय. मोठं बिल होतं. मी गल्ल्यावरून उठलो नाही. अंकलनी गाणं पुरं केलं, गिटार पेटीत ठेवली, माझ्याकडे न बघता गेले. चार महिने आले नाहीत. शेवटी मी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं डब्यात घेऊन मालाडच्या ओर्लेमला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, म्हणाले, "तू काही बोलला असतास तरी पुरे होतं, मॅन. एक शब्द." तेव्हापासून मोठं बुकिंग घेताना मी आधी सांगतो, शनिवारी फर्माईश चालत नाही. काही बुकिंगं जातात. जाऊ देत.

मधे एक सजावटवाले सुचवून गेले, की भिंतीवर प्लास्टिकच्या गिटारी लावा, पदार्थांना बँडची नावं द्या, धंदा दुप्पट होईल. आम्ही नको म्हटलं. तिखलं हे तिखलंच. भिंतीवर फक्त गिऱ्हाइकांनी दिलेली रंगभवनाची तिकिटं आहेत, काचेखाली, शाई पुसट झालेली.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. ऑक्टोबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडलं, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. त्या काळात आम्ही आठ वाजवणाऱ्यांना डबे पोचवले, जमेल तिथवर स्कूटरवरून. ते घरून गाणं रेकॉर्ड करून पाठवायचे. मागे कुकरच्या शिट्या, नातवंडांचे आवाज. दोघे त्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांचे तुकडे माझ्या फोनवर आहेत, हॉटेलात मी ते अजून लावलेले नाहीत.

आत्ता काम चालू आहे ते दाराच्या पायरीचं. बास वाजवणाऱ्या अंकलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते वॉकर घेऊन येतात. आमची पायरी साडेसात इंच, तीही अण्णांच्या वेळची, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मुद्दाम उंच केलेली. सुताराने लाकडी उतार केला, पहिला फार चढा झाला, वॉकर घसरला असता. परत दिला. दुसरा साडेसात फूट लांब आहे, गल्लीत बराच पुढे येतो, म्हणून शनिवारी सहाच्या आधी लावायचा आणि दहाला काढायचा. मागच्या शनिवारी वेटरने एका हाताने अंकलना धरलं, दुसऱ्या हातात त्यांची गिटार. आत येऊन ते खुर्चीत बसले, दम खाल्ला आणि विचारलं, "पेज झाली काय रे?"