सध्या कुठे असतेस?

कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या या अंकासाठी मनोगत मागतानाच संपादक मंडळाने बजावलं होतं, "सरांच्या आठवणी नकोत, त्या ढीगभर आल्या आहेत. तुमच्या तुकडीचं पुढे काय झालं ते लिहा." ही माहिती माझ्याकडे असणार हे त्यांना ठाऊक होतं. निरोप समारंभात तुकडीची खबरबात ठेवण्याचं काम कुणीतरी माझ्या गळ्यात मारलं आणि नंतर ते मागायला कुणी आलंच नाही. आधी पत्रं होती, मग फोन, मग ईमेल. आता व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे. साधनं बदलली तरी बातम्यांची तऱ्हा तीच राहिली.

बढती, पुरस्कार, नवं घर, मुलांचे निकाल या बातम्या मागाव्या लागत नाहीत. त्या फोटोसकट त्याच दिवशी येतात आणि अभिनंदनाच्या अंगठ्यांखाली दुपारपर्यंत गडप होतात. नोकरी गेलेला माणूस मात्र पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गटावर बोलणं बंद. धंदा बुडालेलाही तेच करतो. रोज सकाळी सुविचार टाकणारा एखादा अचानक थांबला, की मी त्याला वेगळा फोन करते. (सुविचार थांबल्याचा आनंद आधी होतो, हेही खरं.)

आमच्यातल्या एका रसायनवाल्याचा कारखाना बंद पडला. त्याच्या जिवलग मित्रांनी धीर दिला, पैशाचीही मदत केली, पण नोकरीची रिकामी जागा कुणालाच माहीत नव्हती. माहीत असणार तरी कशी? ते सगळे त्याच्याच वर्तुळातले, त्याला जे ठाऊक तेच त्यांना ठाऊक. जागेची खबर दिली ती प्रात्यक्षिकाला हजेरी क्रमांकाने त्याच्या शेजारी येणाऱ्या मुलीने. दोघांचं कॉलेजात बोलणं झालं असेल तर ब्युरेट मागण्यापुरतं. तुकडीच्या बातम्यांचा जो वृत्तांत मी सगळ्यांना पाठवते, त्यात त्याच्या कामाविषयी दोन ओळी होत्या, तेवढ्यावरून तिला तो आठवला.

मी पुढे समाजशास्त्र शिकवलं, त्यामुळे या गोष्टीचं मला नवल वाटलं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून जागा कळली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत ‘नेहमी भेटायचा’ म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. १९७३ साली त्याने हे प्रसिद्ध केलं, तेव्हा अशा पुसट ओळखींचं उदाहरण म्हणून कॉलेजातल्या जुन्या मित्राचा खास उल्लेख केला होता. ही ओळख मुळातही फारशी दाट नसते, असंही त्याने नोंदवलंय. वर्गात मी याचा तक्ता फळ्यावर काढायचे. आमच्या तुकडीत तो चालताबोलता दिसला.

आणि अशी ओळख टिकते कशी, तर चेहऱ्यावर. हॅरी बारिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ३९२ जणांना त्यांच्या शाळेच्या वार्षिकांकातले फोटो दाखवले. शाळा सोडून तीस-पस्तीस वर्षं झालेल्यांनाही दहातले सुमारे नऊ चेहरे अनोळखी चेहऱ्यांतून बरोबर वेगळे काढता आले. मदतीशिवाय नावं आठवायला सांगितल्यावर मात्र गाडी अडली. स्नेहसंमेलनाच्या दारात "अरे, तू!" असं ओरडून पुढचं नाव गिळणारे आपण सगळे, तेव्हा कुणी ओशाळायचं कारण नाही.

नावांचा खरा घोळ मुलींच्या बाबतीत झाला. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं पहिलं नावही बदललं, आणि आमची जवळजवळ निम्मी तुकडी यादीतून गायब झाली. त्यांना शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. हुशार मैत्रिणींपेक्षा वसतिगृहातल्या खोलीमैत्रिणी कामी आल्या. आता यादीत पूर्वाश्रमीचं आडनाव आधी आणि हल्लीचं नंतर असतं. संघाच्या छापील अर्जात ‘व्यवसाय’ असा एकच रकाना होता. तिथे ‘गृहिणी’ लिहायचं नाकारून एकीने तो अर्ज कोरा परत पाठवला आणि मागच्या बाजूला आजारी सासऱ्यांच्या शुश्रूषेबद्दल पानभर मजकूर लिहिला. तो मी जसाच्या तसा वृत्तांतात घेतला. तितकी उत्तरं दुसऱ्या कुठल्याच मजकुराला आली नाहीत. कॉलेजसोबत्यांच्या आयुष्याचा सर्वांत गाजलेला अभ्यास हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडीही त्यात होते. निवडलेले २६८ जण, झाडून सगळे पुरुष. त्या अभ्यासाचं कौतुक ऐकलं की मला तो कोरा अर्ज आठवतो.

समाजकार्याच्या बातम्या आमच्याकडे उशिरा सुरू झाल्या, बहुतेक निवृत्तीनंतर. त्यातली एकच सांगते. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक हवे असतात. आमच्यातली एक शिक्षिका हे काम करायची, तिने गटावर विचारलं. व्यासपीठ गाजवणाऱ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. होकार आले ते कधी तोंड न उघडणाऱ्यांचे. त्यांत एक असा, ज्याने कॉलेजची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या जर्नलमधून उतरवून काढण्यात घालवली. आता तो दुसऱ्याचं ऐकून उत्तरपत्रिका लिहितो आणि एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. सरावच तेवढा आहे, असं तो स्वतःच म्हणतो. ज्यांना परीक्षा केंद्रावर जाणं जमत नाही ते घरी बसून पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करतात. उच्चारांवरून त्यांची एकमेकांशी भांडणं होतात, ती मात्र मी वृत्तांतात घेत नाही.

निधनाची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय मी कुठेही टाकत नाही, कितीही जणांनी ‘भावपूर्ण’ लिहून झालं असलं तरी.

पुढच्या वृत्तांताची जमवाजमव सुरू आहे. बढती जरूर कळवा. पण सोबत रोज नेमकं काय काम करता, कशातली माहिती आहे, कुणाला शिकवू शकता हेही लिहा. नुसत्या ‘वरिष्ठ व्यवस्थापक’वरून कुणाला काही सुचत नाही. काम शोधत असाल तर गटावर न लिहिता मला एकटीला कळवा. तुमचं नाव न घेता चार ठिकाणी विचारता येतं. आणि दुसऱ्याची बातमी पाठवत असाल, तर आधी त्याला विचारून घ्या.