नेपाळमधलं फील्डवर्क आवरताना

पुण्याहून एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी नेपाळला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं वेळापत्रक बहुधा एकाच जागी फसतं. शेवटचा फॉर्म भरायचा दिवस आणि परतीचं तिकीट यांच्यात जेमतेम एक रात्र ठेवलेली असते. बाकीचं पुण्यात बसून करू, हा त्यामागचा हिशेब. पुण्यात विश्लेषण होतं, नकाशे होतात, बाइंडिंग तर अप्पा बळवंत चौकात तासाभरात होतं. पण वडा कार्यालयाचा (म्हणजे तिथल्या वॉर्ड ऑफिसचा) शिक्का, कुलूपबंद घराची तिसरी फेरी, संशयास्पद वयाची खातरजमा यातलं काहीच होत नाही. मध्ये किमान आठ दिवस मोकळे ठेवा आणि सीमा ओलांडल्यावर जे होणार नाही ते आधी उरका. दसैंच्या (तिथल्या दसऱ्याच्या) आसपास जात असाल तर आठही पुरायचे नाहीत: सरकारी कार्यालयं बंद, आणि एरवी परदेशी किंवा शहरात असलेली माणसं घरी आल्यानं वस्तीही बदललेली.

सुरुवात फोनांपासून. फॉर्म भरला म्हणजे तो सर्व्हरवर गेला असं नाही. सर्वेक्षकांचा प्रत्येक फोन हातात घ्या आणि कोबोकलेक्ट या फॉर्म भरायच्या ॲपमध्ये ‘ड्राफ्ट’ आणि ‘रेडी टू सेंड’ हे दोन्ही कप्पे रिकामे आहेत ना ते बघा. ड्राफ्टमधला फॉर्म आपणहून कुठेही जात नाही. आणि काम संपलं म्हणून कुणी ॲप काढून टाकलं, तर न पाठवलेले फॉर्म त्याच्याबरोबर गेले. मग तीन आकडे जुळवायचे: सर्व्हरवरचे फॉर्म, सर्वेक्षकाच्या वहीतली घरं आणि सही-अंगठ्याची संमतिपत्रं. जुळवणी वस्तीगणिक करा. एका वस्तीत दोन फॉर्म कमी आणि दुसरीत दोन दुबार असले की एकूण बेरीज बरोब्बर येते आणि कुणाला पत्ता लागत नाही. कुटुंबातल्या व्यक्तींची माहिती एक्सेलमध्ये वेगळ्या शीटवर येते आणि ती मूळ शीटशी इंडेक्स क्रमांकानं जोडलेली असते. मधला फॉर्म काढून पुन्हा एक्स्पोर्ट केलं की हे क्रमांक सरकतात, त्यामुळे जुनी शीट नव्या शीटला जोडायची नाही.

मुलांवरच्या अभ्यासात सगळ्यात मोठा घोळ तारखांचा होतो, आणि मराठी माणूस त्यात जास्त सहज अडकतो. लसीकरण कार्डावर विक्रम संवत असतं, ते आपल्याला ओळखीचं वाटतं. पण आपलं डोक्यातलं विक्रम संवत दिवाळी पाडव्याला बदलतं आणि चांद्र महिन्यांवर चालतं. नेपाळचं सरकारी पंचांग सौर आहे, वर्ष एप्रिलच्या मध्यात वैशाखात सुरू होतं. २०८० साल १४ एप्रिल २०२३ ला लागलं. इसवी सन काढायला वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करायचे, तिथून चैत्राअखेरीपर्यंत ५६. माघ २०८० म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी २०२४. सरसकट ५७ वजा केले की मूल कागदावर एक वर्षानं मोठं होतं. त्याची उंची त्या वयाला कमी भरते आणि धडधाकट पोर खुजं ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेचं अँथ्रो सॉफ्टवेअर उंची-वयाचा झेड-स्कोअर (त्या वयाच्या सरासरी उंचीपासून मूल किती दूर आहे त्याचं माप) उणे ६ ते अधिक ६ च्या बाहेर गेला तरच शंका दाखवतं. वर्षभराची चूक बऱ्याचदा त्या हद्दीतच राहते, म्हणून सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. महिने २९ ते ३२ दिवसांचे आणि दर वर्षी वेगळे, त्यामुळे सूत्र चालत नाही. रूपांतराचा तक्ता किंवा ॲप वापरा. मूळ तारीख मात्र जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात ठेवा. कार्डाचा फोटो घेतलेला असेल तर उत्तम. नेपाळी वळणाचे ५ आणि ८ आपल्यापेक्षा वेगळे असतात, ते तिथल्या आरोग्यसेविकेकडूनच वाचून घ्यावेत.

हिमोग्लोबिन मोजलं असेल तर प्रत्येक वस्तीची उंची नोंदली आहे ना, ते निघण्याआधी तपासा. विरळ हवेत शरीर हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणून मोजलेल्या आकड्यातून काही वजा करावं लागतं. ही वजाबाकी पूर्वी समुद्रसपाटीपासून १,००० मीटरपासून सुरू व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत ती ५०० मीटरपासून आहे. काठमांडू खोरं साधारण १,३०० मीटरवर. तिथे गरोदर नसलेल्या बाईचं १२.५ ग्रॅम आलं तर ०.८ वजा जाऊन ११.७ राहतात, आणि १२ ची मर्यादा धरली की ती ॲनिमिक. (पुणे ५६० मीटरवर आहे. म्हणजे नव्या नियमानं आपल्याकडच्या आकड्यांतूनही ०.४ जायला हवेत, हे इथल्या किती प्रबंधांत दिसतं ते बघण्यासारखं आहे.)

रक्तदाबाच्या नोंदींचा शेवटचा अंक पाहा. शून्यावर संपणाऱ्या नोंदी दहात एक असायला हव्यात. डिजिटल यंत्र असूनही त्या दहात चार निघाल्या, तर कुणीतरी अंदाजे आकडे टाकतंय. सर्वेक्षकानुसार वेगळं काढलं की कोण ते कळतं, आणि तिथे असताना ती घरं पुन्हा मोजता येतात. खातरजमेचे फोनही तिथल्याच सिमवरून करा. पुण्याच्या नंबरवरून आलेला आंतरराष्ट्रीय कॉल डोंगरातल्या आजी उचलत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कुलूपबंद घरांच्या बदली शेजारचं घर घेण्याचा मोह टाळा. ज्या घरातले कर्ते आखातात किंवा मलेशियात आहेत आणि बाई दिवसभर शेतात आहे, नेमकी तीच घरं बंद सापडतात. शेजारचं उघडं घर त्यांच्यासारखं नसतं. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, मग ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद. नमुन्याच्या गणितात ही जागा आधीच ठेवलेली असते: मूळ नमुना ३८४, त्याला डिझाइन इफेक्ट (घरं वस्त्यांच्या गटांनी निवडल्यामुळे लागणारी वाढ) २ धरून ७६८, आणि दहा टक्के गळतीसाठी ०.९ नं भागून ८५४. बरेच जण १.१ नं गुणून ८४५ काढतात. त्यातले दहा टक्के गळाले की ७६० च उरतात.

रक्ताचे नमुने पुण्यात आणायचा विचारही नको. त्याला वेगळी परवानगी लागते, तपासणी तिथेच उरका. वापरलेल्या लॅन्सेटचा (बोट टोचायच्या सुयांचा) डबा स्वास्थ्य चौकीच्या, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य केंद्राच्या ताब्यात द्या. ज्यांचा रक्तदाब १८०/१२० च्या वर होता, त्यांना त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवलेलं असायला हवं. निघण्यापूर्वी ती यादी घेऊन स्वास्थ्य चौकीत बसा आणि कोण पोचलं नाही ते विचारा. गावातली महिला स्वास्थ्य स्वयंसेविका हे सगळ्यात नेमकं सांगते. ही व्यवस्था १९८८ पासूनची, आपल्या आशांच्या कितीतरी आधीची. तिचा दिवस मोडला असेल तर मोबदला ठरल्याप्रमाणे द्या.

वडा कार्यालयात आणि चौकीत नेपाळीतलं एक पान देऊन या: किती घरं झाली, ढोबळ काय दिसलं, अहवाल कधी येईल. तराईत (दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात) काम केलं असेल तर मैथिली, भोजपुरी किंवा थारूतली मोकळी उत्तरंही तिथल्याच माणसाकडून उतरवून घ्या. पुण्यात भेटणारा नेपाळी मित्र कितीही हुशार असला, तरी त्याला ती भाषा येईलच असं नाही. नेपाळ आरोग्य संशोधन परिषदेची मंजुरी घेतलेली असते, तेव्हा अंतिम अहवालही तिथे जायला हवा. घरांचे जीपीएस बिंदू कुणालाही पाठवण्याआधी वगळा. दशांश दोन स्थळांपर्यंत कापले तरी अचूकता एक किलोमीटरच्या आसपास राहते, आणि डोंगरात तेवढ्यात एकच वस्ती असू शकते.

राहिल्या पावत्या. त्या नेपाळी रुपयांत आणि संवतातल्या तारखेच्या असतात, आणि कॉलेजचा अकाउंट विभाग दोन्हींवर अडतो. दर ठरलेला आहे, शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी. प्रत्येक पावतीच्या झेरॉक्सवर इंग्रजी तारीख आणि भारतीय रक्कम त्याच संध्याकाळी लिहून ठेवा, कारण थर्मल कागदावरचा मजकूर पुण्याला पोचेपर्यंत फिका पडलेला असू शकतो.