मृग लागला, पाऊस नाही

८ जून

मृग लागला, परंतु आभाळ दिवसभर कोरडेच राहिले. आमच्या मोर्शीच्या भागात संत्र्याच्या कितीतरी बागा सध्या ताणावर आहेत. मृग बहार धरायचा म्हणजे भर उन्हाळ्यात झाडांचे पाणी मुद्दाम तोडायचे. पाने मलूल होतात, काही गळतातही, आणि चांगला पाऊस झाला की त्याच झाडांवर नवती व फुले एकदम फुटतात. इतकी वर्षे हे पाहूनही, त्या तहानलेल्या झाडांसमोरून परसाकडे पाण्याची बादली नेताना मला अपराधी वाटतेच.

परसातली बाग मात्र लाडावलेली. भेदरांच्या, म्हणजे टोमॅटोच्या, बारा रोपांना दोन्ही वेळा पाणी घातले, जुनी लुगडी बांधून सावली केली. पण पारा ४४ च्या वर गेला तशी फुले देठासकट गळू लागली आणि फळ एकही धरले नाही. "उन्हायात भेदरं लावू नोको म्हणलं होतं ना तुले," असे जाऊबाईंनी ऐकवले. म्हटले होते खरे. गवारीने तेवढी लाज राखली.

आणि तिकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जिथे कोणी ओंजळभरही पाणी घातले नाही, तिथे भुईरिंगणी जमिनीला चिकटून फुलली होती. एरवी काटा रुतला की शिवी देण्यापुरतीच तिची आठवण होते. यंदा खाली बसून पाहिले: पाच पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या, रंग फिका जांभळा, मधोमध पिवळ्याधमक पुंकेसरांचा उभा झुबका, पानांच्या शिरांवरसुद्धा काटे, आणि शेजारीच हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची गोटीएवढी फळे. त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर रुई, एकदांडी, गोखरू अशी नावे लिहीत गेले.

दुपारी कूलरपुढे बसून लीळाचरित्र वाचले. म्हाइंभटांनी हा ग्रंथ तेराव्या शतकात आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला, आणि मी तो साठीला आल्यावर हाती घेतला, याची थोडी लाज वाटते. पुष्कळशा लीळा लहान आहेत. एक वाचावी, विणकामाच्या दोन ओळी घालाव्यात, पुन्हा एक वाचावी, असा क्रम बसला.

विणकाम लेकीच्या बाळासाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या थंडीसाठी. उन्हाळ्यात लोकर हाती घेणे हा वेडेपणाच आहे. घामाने धागा बोटांना धरतो आणि ताण नकळत वाढतो, त्यामुळे दुपारच्या ओळी घट्ट आणि पहाटेच्या सैल आल्या. स्वेटरची पाठ उजेडात धरली तेव्हा घट्ट-सैल पट्टे स्पष्ट दिसले. बावीस ओळी उसवल्या. आता पहाटेच विणते.

बाह्यांसाठी भुईरिंगणीच्या रंगाची लोकर हवी होती. फूल ओल्या रुमालात गुंडाळून दुकानात नेले, पण पोहोचेपर्यंत ते काळवंडले, आणि गुंडा आठवणीवरच निवडावा लागला. आज सकाळी तो धुऱ्यावर नेऊन ताज्या फुलाशेजारी धरला. लोकर एका छटेने गडद आहे.