वेरूळ वरून खाली बघा

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. एवढं लक्षात ठेवलं की दिवसाचा अर्धा बेत आपोआप ठरतो. सकाळी डोंगराची सावली पुढ्यातच पडते, लेण्यांची तोंडं काळपट दिसतात आणि फोटोत मागचं आभाळ पांढरंफटक येतं. दुपारी तीननंतर ऊन समोरून आत शिरतं आणि काळ्या दगडाला तांबूस छटा चढते. तरी छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या बहुतेक गाड्या आधी वेरूळ, मग परतताना देवगिरीचा किल्ला असाच क्रम धरतात. मी उलटा धरतो.

बेत आखण्याआधी वार बघा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणारे नेमके सोमवारी अजिंठ्याला जाऊन पायथ्याच्या फर्दापूरहून परत फिरतात. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करतो म्हणणाऱ्याला तर हात जोडावेत. अजिंठा जळगावच्या वाटेवर शंभर किलोमीटर, वेरूळ कन्नडच्या वाटेवर तीस. शहर मध्ये, आणि ही दोन टोकं.

सकाळी किल्ला. देवगिरी शहरापासून पंधरा किलोमीटरवर आहे, मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नडकडे जाणारी एसटी तिथून जाते. चढण दमवणारी आणि वरच्या पायऱ्यांना सावली नाही, म्हणून उन्हं चढायच्या आत वर पोचलेलं बरं. माणशी एक लिटर पाणी लागतंच. इ.स. ११८७ च्या सुमारास यादव भिल्लमानं इथं राजधानी वसवली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी चालून आला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली. हा इतिहास पाटीवर मिळेलच. बघायचा तो कडा. बालेकिल्ल्याच्या टेकडीची खालची बाजू सभोवार तासून उभी भिंत केली आहे, सुमारे पन्नास मीटर. घोरपडीलाही नखं रोवायला जागा मिळू नये इतका दगड सपाट केला आहे, आणि पायथ्याशी खंदक.

खंदक ओलांडला की अंधारी लागते. हा बोगद्यासारखा वळणावळणाचा चढता मार्ग. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, आणि तसं मुद्दामच केलं आहे: अंधारात धावत आलेल्या शत्रूचं पाऊल चुकावं. आज त्याच पायऱ्यांवर पर्यटकांचे घोटे मुरगळतात. वटवाघळांची विष्ठा पडून दगड निसरडा होतो, वासानं डोकं भणभणतं. मोबाईलचा उजेड समोर न धरता पायापाशी धरा आणि एक हात भिंतीला ठेवा. लहान मूल कडेवर असेल तर इथून मागं फिरण्यात काही कमीपणा नाही. खालची चिनी महालाची, मेंढा तोफेची बाजूही तासभर पुरते. वर बारादरीपर्यंत जाऊन उतरायला सावकाश अडीच-तीन तास धरा.

किल्ल्यापुढे रस्ता जुन्या दरवाजाच्या कमानीतून जातो. सुट्टीच्या दिवशी एक बस आणि एक ट्रक तोंडाशी तोंड लावून उभे राहिले की अर्धा तास गेलाच. हिवाळ्याच्या तोंडाशी आलात तर या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात. डोळे उघडलेलं, दाबलं तर जरा दबणारं फळ घ्या, कडक घेतलंत तर ते दोन दिवसांनी घरी गेल्यावरच खाता येईल.

वेरूळला पोचायला बारा वाजतात. भारतीयांना तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना माफ. ऑनलाइन काढणार असाल तर शहरातच काढून ठेवा, दाराशी रेंज कधी असते कधी नसते. लेणी चौतीस, दोन किलोमीटरच्या कड्यात ओळीनं: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. क्रमांक दक्षिणेकडून सुरू होतात. दार उघडतं ते मात्र थेट सोळाव्यासमोर, म्हणजे कैलास देवळासमोर, आणि माणसं सरळ त्यातच घुसतात. तसं करू नका. भर दुपारी उजवीकडे वळा आणि बौद्ध लेणी घ्या, ती आतून गार असतात.

वेळ थोडा असेल तर त्यातली दोनच, दहा आणि बारा. दहाव्याला आसपासचे लोक सुतार झोपडी म्हणतात, नाव विश्वकर्मा. आत गेल्यावर मान वर करा. कमानदार छताला ओळीनं वासे दिसतात, तेही दगडात कोरलेले. पूर्वीच्या चैत्यगृहांत, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहांत, खरे लाकडी वासे बसवत. इथं दगड पेलायला त्यांची गरजच नव्हती, तरी कारागिरांनी लाकडाची सवय दगडात उतरवली. सुतारांनी हे लेणं आपलं मानलं यात नवल नाही. बारावं, म्हणजे तीन ताल, बाहेरून एखाद्या वसतिगृहासारखं सपाट, त्यामुळे निम्मे लोक अंगणातूनच परततात. वरच्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या रांगा आहेत. जिना अंधारा आणि पायऱ्या उंच, गुडघ्यांची तक्रार असेल तर बेतानं चढा.

तीनच्या सुमाराला कैलास. त्यातही आधी वरून. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या अंगानं डोंगरावर पायवाट चढते. दहा मिनिटांची चढण, पायाखाली मुरूम, चप्पल घसरते, बूट हवेत. कड्याच्या टोकाला उभं राहून सेल्फी काढायची खुमखुमी तेवढी आवरा. पावसाळ्यात वाट शेवाळलेली असते आणि कधीकधी ती बंदच ठेवतात.

वरून बघायचं ते देऊळ वरूनच सुरू झालं म्हणून. कारागिरांनी डोंगरमाथ्यावर आधी तीन बाजूंनी चर खणले, मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा उभा राहिला, आणि मग तो शिखरापासून जोत्यापर्यंत उतरत कोरला. परांचीची फारशी गरज नाही, उभं राहायला खालचा न फोडलेला दगड असतोच. धोका दुसराच होता. बांधकामात दगड बिघडला तर बदलता येतो, इथं नाक उडालं तर उडालं. शिवाय वर कोरताना खालच्या खांबांची, हत्तींची, पुलांची जागा आधीच मनात पक्की असावी लागते. पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीची दंतकथा याच मुद्द्यावर आहे. राणीनं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असं व्रत धरलं, बाकीच्यांनी वर्षांची मुदत मागितली, कोकसानं शिखरच आधी कोरून दाखवलं. कथा कथेच्या जागी, पण कामाचा क्रम तिनं बरोबर सांगितला आहे. मोठं काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. इ.स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात तर, हे आपल्या हातून झालं कसं, असं खुद्द कारागिरालाच वाटल्याचं म्हटलं आहे.

वरून सभामंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात. खाली उभं राहून ते कधीच दिसणार नाहीत. मागच्या उभ्या कड्यावर छिन्नीचे ओरखडे अजून आहेत, तिरप्या उन्हात ते नीट उठून येतात.

मग खाली या. अंगण सुमारे ८० मीटर लांब, ४६ रुंद. गर्दी नंदीपाशी अडते, तिला तिथंच सोडून दक्षिणेच्या बाजूला जा. तिथं जोत्यात रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. मागे उंच कडा, वर मंडपाचा भार, त्यामुळे बराच वेळ सावली. एक-दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की खोली दिसायला लागते. खाली रावण, वीस हात खांबांसारखे दगडात रोवलेले, आणि तो भिंतीपासून इतका सुटा कोरलाय की त्याच्यामागे काळोख साचतो. वर पार्वती शंकराचा दंड धरून त्याच्याकडे झुकलेली, तिची एक दासी पाठ फिरवून पळत सुटलेली. शंकर मात्र निवांत. सगळं शिल्प त्या पळणाऱ्या बाईवर तोललेलं आहे असं मला वाटतं. ती नसती तर डोंगर हललाय हे कळलंच नसतं.

गाभाऱ्याकडे जाताना पायताण काढावं लागतं. मार्च ते मे या काळात उघडा काळा दगड तव्यासारखा तापतो, म्हणून मोजे जवळ असू द्या.

घृष्णेश्वर एक किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं हे तांबड्या दगडाचं देऊळ. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. श्रावणी सोमवारी रांग काही तासांची असते. त्या दिवशी लेणी आणि दर्शन दोन्ही जमवायला बघाल तर दोन्ही हातचं जाईल.

शेवटी जैन लेणी. ती कैलासापासून सव्वा-दीड किलोमीटर उत्तरेला आहेत. बॅटरीवर चालणारी गाडी असते, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. ३२ वं, इंद्रसभा, चुकवू नये. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. डहाळीला लटकलेले आंब्यांचे घोस जवळ जाऊन बघा, देठापाशी पानं कशी वळली आहेत तेही कोरलंय. इथं गर्दी नसते. फक्त घड्याळावर लक्ष ठेवा: सूर्यास्ताला शिट्ट्या वाजायला लागतात, आणि इथून चालत दाराशी यायला पंचवीस मिनिटं मोडतात.